मुंबई शहरातील खून व गोळीबार : टप्पे, प्रवृत्ती आणि नोंदींचा प्रश्न

प्रस्तावना

मुंबईचा इतिहास बंदर, कापूस, गिरण्या, लोहमार्ग आणि कामगार चळवळ यांच्या आधारे विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. त्या तुलनेत शहरातील खून व गोळीबार हा विषय इतिहासाच्या अभ्यासकांनी बव्हंशी वृत्तपत्रे, चित्रपट आणि निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणी यांवर सोडून दिलेला दिसतो. परिणामी या विषयाचे जे चित्र सर्वसामान्य वाचकाच्या मनात तयार झाले, ते दहा-बारा टोळीप्रमुखांच्या नावांभोवती फिरते. शहराची बदलती अर्थव्यवस्था, जमिनीचे वाढते मोल, शस्त्रांचा पुरवठा आणि शासनाने वापरलेले बळ हे घटक या चित्रात पार्श्वभूमीलाच राहतात.

१९२५ ते २०२४ या शंभर वर्षांतील मुंबईतील निवडक व सर्वज्ञात घटनांच्या आधारे खून व गोळीबार यांच्या स्वरूपात कोणते बदल होत गेले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. या शोधात दोन प्रश्न मध्यवर्ती आहेत. शहरात बंदूक कोणत्या काळी, कोणत्या कारणाने आणि कोणावर रोखली गेली, हा पहिला प्रश्न. गोळीने मृत्यू पावलेल्यांपैकी कोणाची नोंद ‘खून झालेली व्यक्ती’ अशी झाली आणि कोणाची झाली नाही, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज पहिल्या प्रश्नाचे उत्तर अपुरे राहते, असे या विवेचनातून दिसून येईल.

आकडे आणि भीती

प्रारंभी एक विसंगती ध्यानात घेणे आवश्यक आहे. मुंबईची प्रतिमा गोळीबारांचे शहर अशी असली, तरी खुनांच्या प्रमाणाचा विचार करता जगातील मोठ्या शहरांत मुंबई पुष्कळच सुरक्षित ठरते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१९ ते २०२१ या वर्षांत मुंबईत दरवर्षी दीडशेच्या आसपास खुनांचे गुन्हे दाखल झाले. अमेरिकेतील शिकागो शहराची लोकसंख्या सुमारे २७ लाख असताना तेथे एकट्या २०२१ मध्ये आठशेच्या जवळपास खून झाले व त्यांतील बहुसंख्य गोळीबाराने झाले. संपूर्ण भारताचा विचार केल्यास १९९२ मध्ये देशात ४०,१०५ खुनांचे गुन्हे नोंदले गेले होते. २०२२ मध्ये ही संख्या २८,५२२ इतकी होती. या तीस वर्षांत लोकसंख्या मोठ्या प्रमाणावर वाढली, हे लक्षात घेता दर लाख लोकसंख्येमागील खुनांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, असे म्हणता येते.

अर्थात असे दर काढताना भाजक कोणता घेतला, हे तपासणे अगत्याचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या १ कोटी २४ लाख, तर ठाणे, कल्याण आदी शहरे धरून होणाऱ्या नागरी समूहाची लोकसंख्या १ कोटी ८४ लाख होती. वर्षाला दीडशे खून हा आकडा पहिल्या संख्येने भागल्यास दर लाखास १.२ इतके प्रमाण येते. दुसऱ्या संख्येने भागल्यास ते ०.८ इतके होते. शहराची सीमा बदलली की शहराची सुरक्षितताही कागदावर बदलते.

दुसरी बाब हेतूंविषयीची. २०२२ मध्ये देशभर नोंदल्या गेलेल्या खुनांपैकी ९,९६२ खून निरनिराळ्या वादांतून, ३,७६१ वैयक्तिक वैरातून आणि १,८८४ आर्थिक लाभासाठी झाले होते. बहुसंख्य खून घर, शेजार, जमीन, पैशांची देवाणघेवाण आणि नातेसंबंध यांतून होतात; त्यांतील साधने चाकू, कोयता, काठी, दगड किंवा नुसते हात ही असतात. बंदुकीचा वाटा त्यांत थोडा असतो. असे असतानाही शहराच्या सामूहिक स्मृतीत राहतात ते गोळीबारच. खुनांचा आलेख आणि भीतीचा आलेख हे दोन निराळे आलेख आहेत. दुसरा आलेख किती गोळ्या झाडल्या गेल्या यापेक्षा त्या कोणावर, कोठे व कोणत्या वेळी झाडल्या गेल्या यावर अवलंबून असतो.

पहिला टप्पा : व्यक्तिगत बंदूक

१८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश सरकारने परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी घातली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईसारख्या शहरात पिस्तूल ही संस्थानिक, लष्करी अधिकारी व धनिक यांच्यापुरती मर्यादित वस्तू होती. या काळातील गाजलेले गोळीबार हे अशाच वर्तुळातील आहेत. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनिक व्यापाऱ्याची त्याच्या मोटारीत गोळ्या घालून हत्या करण्यात आली. इंदूर दरबारातून निघून आलेल्या मुमताज बेगम हिला पळवून नेण्याच्या प्रयत्नात हा प्रकार घडला होता. या प्रकरणाचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोहोचले आणि १९२६ मध्ये तुकोजीराव होळकर (तृतीय) यांना गादी सोडावी लागली.

२७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे अधिकारी कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर झाडलेल्या तीन गोळ्या याच परंपरेतील होत. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने नानावटींना निर्दोष ठरविले. तथापि उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये तो निर्णय कायम केला. या दोन्ही प्रकरणांत हेतू व्यक्तिगत होता आणि शस्त्र प्रतिष्ठित वर्तुळातून आले होते. शहराने या घटनांची चर्चा चवीने केली. पण त्यामुळे शहर घाबरले नाही. सामान्य माणसाला या गोळीचे भय वाटण्याचे कारण नव्हते.

दुसरा टप्पा : धारदार शस्त्रांकडून पिस्तुलाकडे

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईतील संघटित गुन्हेगारीस दोन निर्बंधांनी बळ दिले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे हातभट्टीचा धंदा वाढला आणि १९६० च्या दशकातील सुवर्ण नियंत्रणामुळे सोन्याची चोरटी आयात कमालीची फायदेशीर झाली. हाजी मस्तान, करीम लाला, वरदराजन मुदलियार ही नावे याच काळातील आहेत. या धंद्यांना वाच्यता परवडणारी नव्हती. बंदरातील माल सुखरूप बाहेर काढणे, हप्ते वेळेवर पोहोचविणे आणि वस्त्यांवर दरारा ठेवणे यासाठी रामपुरी चाकू, गुप्ती व तलवार पुरेशी होती. ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा झालेला खूनही धारदार शस्त्रांनीच झाला. राजकीय वैरातील एवढ्या मोठ्या घटनेतही बंदूक नव्हती, ही गोष्ट त्या काळातील शस्त्रव्यवहाराची मर्यादा दाखविते.

ही मर्यादा १९८० च्या दशकाच्या आरंभी मोडली. १२ फेब्रुवारी १९८१ रोजी प्रभादेवी येथील पेट्रोल पंपावर साबीर कासकर याची गोळ्या घालून हत्या झाली. ६ सप्टेंबर १९८३ रोजी या हत्येतील आरोपी अमीरजादा याला सत्र न्यायालयातच गोळी घालण्यात आली. सूड घेण्यासाठी न्यायालय हेच ठिकाण निवडले गेले, कारण तेथे शत्रू ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी हजर असणार हे निश्चित होते. पुढील दोन दशकांत मारेकऱ्यांनी हेच तत्त्व पुन्हा पुन्हा वापरलेले दिसते.

या दोन घटनांच्या दरम्यान, जानेवारी १९८२ मध्ये, एकाच आठवड्यात शहराच्या इतिहासाला वळण देणाऱ्या दोन गोष्टी घडल्या. ११ जानेवारी रोजी वडाळा येथे मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. मुंबई पोलिसांची पहिली ‘चकमक’ म्हणून या घटनेचा सर्वत्र उल्लेख होतो. त्यानंतर १८ जानेवारी रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. परंतु पुढील वीस वर्षांच्या गोळीबारांचे दोन प्रमुख घटक, म्हणजे गिरणगावातील रोजगाराचा व जमिनीचा प्रश्न आणि पोलिसांची गोळी, या एका आठवड्यात एकत्र दिसतात.

तिसरा टप्पा : जमीन, खंडणी आणि दिनक्रम

संप फसल्यानंतर गिरणगावातील हजारो घरांतील नियमित वेतन थांबले. बेकार झालेल्या कामगारांची मुले टोळ्यांकडे वळली, असे सरसकट विधान अनेक लेखनांत आढळते. ते जपून स्वीकारले पाहिजे. कारण अशा कुटुंबांतील बहुसंख्य मुलांनी हमाली, फेरीचा धंदा, सुरक्षा रक्षकाची नोकरी किंवा मिळेल ते काम पत्करले. अधिक निर्णायक बदल जमिनीच्या बाबतीत झाला. मध्य मुंबईतील गिरण्यांच्या ताब्यात सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिच्या विक्रीचा मार्ग काही अटींवर खुला केला. कापड विणणाऱ्या गिरणीपेक्षा बंद गिरणीचे मोल अधिक झाले आणि या मोलात वाटा मागणारे हात पुढे आले.

७ मे १९९४ रोजी खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांची महालक्ष्मी येथे सिग्नलला थांबलेल्या मोटारीत हत्या झाली. भायखळ्यातील गिरणी हलवून तेथील जमीन विकण्याच्या योजनेचा संदर्भ या हत्येला होता. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ईस्ट-वेस्ट एअरलाइन्सचे तकियुद्दीन वाहिद, १६ जानेवारी १९९७ रोजी पवई येथे स्वतः डॉ. दत्ता सामंत आणि १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरी येथे मंदिराबाहेर गुलशन कुमार मारले गेले. गिरणीचा मालक आणि गिरणी कामगारांचा नेता हे दोघेही तीन वर्षांच्या आत गोळीला बळी पडले, ही बाब पुरेशी बोलकी आहे. सामंत खून खटल्यात काही आरोपींना २००० मध्ये जन्मठेप झाली; कटाच्या आरोपातून छोटा राजन याची विशेष न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये पुराव्याअभावी मुक्तता केली. म्हणजे गोळी कोणी झाडली हे न्यायालयात सिद्ध झाले. ती कोणासाठी झाडली गेली, हे सव्वीस वर्षांनंतरही सिद्ध झाले नाही.

या टप्प्यातील हत्यांचा एकत्र विचार केल्यास काही समान लक्षणे आढळतात. पहिले लक्षण म्हणजे बळी ठरलेल्या व्यक्तीचा नियमित दिनक्रम. सिग्नल, घराबाहेरचा रस्ता, कार्यालयातून परतण्याची वेळ, सकाळचे देवदर्शन या ठिकाणी व या वेळी हल्ले झाले. महानगराचे जीवन घड्याळावर चालते आणि हीच नियमितता मारेकऱ्याला उपयोगी पडते. दुसरे लक्षण भौगोलिक आहे. १९८० च्या दशकातील डोंगरी, नागपाडा, भायखळा, लालबाग या जुन्या शहरी पट्ट्यातून गोळीबारांचे केंद्र १९९० च्या दशकात वांद्रे, अंधेरी, पवई या उपनगरांकडे सरकले. पैसा, बांधकामे आणि चित्रपट व्यवसाय याच दिशेने गेले होते. तिसरे लक्षण श्रमविभागणीचे आहे. हुकूम देणारा परदेशात, पैसे पोहोचविणारा तिसरा आणि गोळी झाडणारा तुटपुंज्या मोबदल्यावर आणलेला तरुण, अशी साखळी निर्माण झाली. विड्याची ‘सुपारी’ घेऊन काम पत्करण्याच्या जुन्या रिवाजातील शब्द याच काळात खुनाच्या ठेक्यासाठी मराठी वृत्तपत्रांत सरसकट रूढ झाला.

खंडणीच्या व्यवहारात गोळीबाराचे कार्य जाहिरातीसारखे होते. एका बांधकाम व्यावसायिकाचा खून झाला की इतर अनेक जण दूरध्वनीवरील मागणी मुकाट्याने मान्य करीत. या कारणाने गोळीबारांची संख्या मर्यादित असूनही त्यांचा परिणाम अमर्याद होता. पूर्वीच्या चोरट्या आयातीच्या धंद्याला शांतता हवी होती. खंडणीच्या धंद्याला मात्र गाजावाजा हवा होता. धारदार शस्त्राची जागा पिस्तुलाने का घेतली, याचे एक महत्त्वाचे कारण या फरकात सापडते.

१९९२-९३ : सर्वांत मोठा गोळीबार

टोळीयुद्धाच्या कथनांत १६ नोव्हेंबर १९९१ ची लोखंडवाला संकुलातील चकमक आणि १२ सप्टेंबर १९९२ रोजी जे. जे. रुग्णालयात झालेला गोळीबार यांना मोठे स्थान आहे. रुग्णालयातील हल्ल्यात स्वयंचलित रायफली वापरल्या गेल्या आणि पहाऱ्यावरील दोन पोलीसही मारले गेले. तथापि त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी शहरात जे घडले, त्यापुढे टोळ्यांचा सारा हिशेब लहान ठरतो.

डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींची चौकशी करणाऱ्या न्या. श्रीकृष्ण आयोगाने मृतांची संख्या ९०० नोंदविली. आयोगाने मृत्यूंची कारणेही दिली आहेत : पोलिसांचा गोळीबार ३५६, भोसकणे ३४७, जाळपोळ ९१, जमावाची मारहाण ८०, खासगी गोळीबार २२ आणि इतर ४. ही वर्गवारी या विषयाच्या अभ्यासकासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. शहरातील बंदूक म्हणजे टोळ्यांची बंदूक, हा समज ती मोडून काढते. या दोन महिन्यांत गोळीने मेलेल्या ३७८ जणांपैकी खासगी गोळीबाराचे बळी २२ होते. नागरिकांनी नागरिकांना मारले ते प्रामुख्याने सुऱ्याने आणि आगीने. त्यानंतर १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांत २५७ जण मरण पावले आणि टोळ्यांतील फूटही धार्मिक भाषेत बोलू लागली. पुढील सात-आठ वर्षांतील अनेक हत्या या फुटीच्या हिशेबात मोडतात.

चकमकी आणि दप्तर

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खंडणी व हत्या यांना शासनाने दिलेले उत्तर दुहेरी होते. एक उत्तर कायद्याचे होते. फेब्रुवारी १९९९ मध्ये अध्यादेशाने आलेला व त्याच वर्षी कायद्यात रूपांतरित झालेला महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे ‘मोक्का’, याने जामीन कठीण केला आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरील कबुलीजबाब विशिष्ट अटींवर ग्राह्य ठरविला. दुसरे उत्तर चकमकीचे होते. त्याला कोणताही कायदा नव्हता. होता तो लोकांचा मूक किंवा उघड पाठिंबा. साक्षीदार फुटतात, खटले रेंगाळतात, आरोपी जामिनावर सुटून पुन्हा खंडणी मागतात, हा व्यापारी व मध्यमवर्गीय नागरिकांचा अनुभव खोटा नव्हता. या अनुभवाच्या आधारावरच काही पोलीस अधिकाऱ्यांच्या नावापुढे त्यांनी मारलेल्या माणसांची संख्या वृत्तपत्रांत गौरवाने छापली जाऊ लागली.

इतिहासाच्या अभ्यासकासमोर येथे नोंदीचा प्रश्न उभा राहतो. चकमकीनंतर पोलीस ठाण्यात जो गुन्हा दाखल होई, तो सामान्यतः भारतीय दंड संहितेच्या कलम ३०७ खाली, म्हणजे पोलिसांच्या खुनाचा प्रयत्न केल्याबद्दल, मृत व्यक्तीविरुद्ध असे. आरोपी मृत असल्याने प्रकरण आपोआप मिटत असे. गोळी लागून मेलेला माणूस दप्तरात आरोपीच्या रकान्यात दिसे. बळीच्या रकान्यात त्याची नोंद नसे. साहजिकच तो वर्षाच्या खुनांच्या संख्येतही येत नसे. सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या याचिकेत १९९५ ते १९९७ या काळातील मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींचा व त्यांत मरण पावलेल्या सुमारे १३५ व्यक्तींचा प्रश्न होता. आजच्या मुंबईत जवळपास वर्षभरात होणाऱ्या खुनांच्या बरोबरीची ही संख्या आहे.

याच याचिकेवर २३ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने चकमकींबाबत सोळा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. प्रथम खबरी अहवालाची नोंद, अन्य पोलीस ठाण्याच्या पथकाकडून किंवा गुन्हे अन्वेषण विभागाकडून स्वतंत्र तपास, दंडाधिकारी चौकशी आणि चकमकीनंतर लगेच बढती वा शौर्यपदक न देणे या त्यांतील प्रमुख बाबी होत. निकाल यावयास चकमकींनंतर सतरा वर्षे लागली.

या संदर्भात ११ नोव्हेंबर २००६ रोजी वर्सोवा भागात चकमकीत मारल्या गेलेल्या रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याचे प्रकरण उद्बोधक आहे. त्यास पोलिसांनी उचलून नेल्याचे समजताच त्याच्या वकील भावाने त्याच दिवशी वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा व फॅक्स पाठविले होते. पोलिसांच्या कागदपत्रांतील चकमकीची वेळ आणि त्या आधीच रवाना झालेल्या या तारा परस्परांशी जुळत नव्हत्या. उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांसह एकवीस जणांना दोषी ठरविले. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने अनेक पोलिसांची शिक्षा कायम ठेवली आणि खालच्या न्यायालयात सुटलेल्या एका अधिकाऱ्यालाही दोषी धरले. त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. मेलेला माणूस गुन्हेगारी पार्श्वभूमीचा होता, याविषयी वाद नव्हता. वाद होता तो त्याचा मृत्यू कोणत्या रकान्यात लिहावयाचा याविषयी. तो रकाना बदलण्यास एका कुटुंबाला जवळपास सात वर्षे झगडावे लागले, आणि तेही घरात वकील असल्यामुळे शक्य झाले. ज्यांच्या घरी तार पाठविणारे कोणी नव्हते, त्यांच्याविषयी दप्तरात एकच बाजू उरली आहे.

शस्त्रांची वाट आणि खानदेश

मुंबईतील गोळीबारांचा विचार केवळ मुंबईच्या हद्दीत संपत नाही. टोळ्यांच्या भरभराटीच्या काळात परदेशी बनावटीची पिस्तुले समुद्रमार्गे येत. त्या मानाने स्वस्त असे ‘गावठी कट्टे’ देशांतर्गत केंद्रांतून येत आणि त्यांतील एक केंद्र खानदेशाच्या उंबरठ्यावर आहे. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याच्या उत्तर सीमेला लागून, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यात उमर्टी हे गाव आहे. तेथे तयार होणाऱ्या पिस्तुलांचा उल्लेख जळगाव, धुळे, पुणे व मुंबई येथील पोलीस कारवायांत वारंवार येतो. पूर्वी शस्त्रांना धार लावणे, ती दुरुस्त करणे व लोहारकाम हा पिढीजात व्यवसाय असलेल्या शिकलगारांची वस्ती या भागात आहे. राजेरजवाड्यांचा आश्रय संपला, शस्त्र कायद्याने परवाने मर्यादित झाले आणि हाताचे कौशल्य शिल्लक राहिले. या कौशल्याला दुसरे मोल देणारा मान्य बाजार उभा न राहिल्याने अमान्य बाजाराने ते विकत घेतले. एखाद्या समाजाला गुन्हेगार ठरवून या प्रश्नाची उकल होत नाही, हे ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या अनुभवावरून स्पष्ट आहे.

चोपड्याहून धरणगाव, एरंडोल, पारोळा या मार्गाने धुळे आणि धुळ्याहून आग्रा महामार्गाने मुंबई, हा खानदेशच्या कापसाचा व केळीचा परिचित मार्ग आहे. मालाच्या वाटेनेच शस्त्रही जाते, हे व्यापाराच्या इतिहासातील जुने सूत्र येथेही लागू पडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये उमर्टी येथे कारवाईसाठी गेलेल्या चोपड्याच्या पोलीस पथकावर हल्ला होऊन एका पोलिसाला काही तास ओलीस ठेवण्यात आले होते. दोन राज्यांच्या सीमेवरील गाव, दोन पोलीस यंत्रणा आणि मधली डोंगराळ वाट यांचा लाभ या व्यापाराला मिळत राहिला आहे. महानगरात उडालेल्या गोळीचा आरंभ कधी कधी तालुक्याच्या सीमेवरील एका भट्टीत असतो. त्यामुळे हा विषय खानदेशातील अभ्यासकांना परका मानता येत नाही.

उतार आणि नवे रूप

२००० नंतर टोळ्यांच्या गोळीबारांत स्पष्ट घट झाली. या घटीचे श्रेय केवळ चकमकींना देण्याची प्रथा आहे; ती पुराव्याला धरून नाही. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाल्याने चोरट्या सोन्याचा नफा आटला होता. चित्रपट व्यवसायाला १९९८ मध्ये उद्योगाचा दर्जा जाहीर झाल्यानंतर अधिकृत अर्थसाहाय्याचा मार्ग मोकळा झाला. ‘मोक्का’खाली अनेक जण दीर्घकाळ कारागृहात राहिले. गिरण्यांच्या जमिनींचे व्यवहार मोठ्या कंपन्यांच्या हाती गेले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांना कायदेशीर स्थैर्य मिळाले. टोळीप्रमुखांपैकी काहींनी राजकारणाचा मार्ग धरला. अरुण गवळी २००४ मध्ये विधानसभेवर निवडून आले आणि २०१२ मध्ये नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या २००७ मधील खुनाबद्दल त्यांना जन्मठेप झाली. जमिनीवरील वाटा मागण्याचे अधिक सुरक्षित मार्ग उपलब्ध झाल्यावर गोळीची गरज कमी झाली, असा निष्कर्ष काढणे वावगे ठरणार नाही.

गोळीबार पूर्णतः थांबले, असे मात्र नाही. ११ जून २०११ रोजी पत्रकार ज्योतिर्मय डे यांची पवई येथे हत्या झाली; २०१८ मध्ये छोटा राजनसह अनेकांना त्याबद्दल जन्मठेप झाली. २०२४ या एका वर्षात ८ फेब्रुवारीस दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपणात गोळ्या झाडल्या गेल्या आणि १२ ऑक्टोबरला वांद्रे येथे माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची हत्या झाली. पहिल्या घटनेत व्यक्तिगत वैर, तर दुसऱ्या घटनेत पैशांवर आणलेले परप्रांतीय तरुण, असे चित्र तपासातून पुढे आले. १९२५ मधील व्यक्तिगत वैराची बंदूक आणि १९९७ मधील सुपारीची बंदूक या दोन्ही एकाच वर्षात, एकाच शहरात दिसल्या. मृत्यूचे प्रक्षेपण हा घटक मात्र नवा आहे. गाजावाजा करण्यासाठी आता वृत्तपत्राच्या दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. मुंबईतील गोळीबारांचे टप्पे शहराच्या अर्थकारणातील टप्प्यांशी जुळतात : चोरट्या आयातीच्या काळात सुरा, खंडणी व जमिनीच्या काळात पिस्तूल, आणि जमिनीचे व्यवहार स्थिरावल्यावर घट. एकूण खुनांत गोळीबारांचा वाटा लहान असला, तरी भीती निर्माण करणे हेच त्यांचे प्रयोजन असल्याने त्यांचा सामाजिक परिणाम संख्येच्या मानाने फार मोठा राहिला. शस्त्रांचा पुरवठा हा शहराबाहेरील प्रदेशाच्या, विशेषतः सीमाभागातील उपजीविकेच्या प्रश्नाशी निगडित आहे.

सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष नोंदींविषयीचा आहे. १९९२-९३ मधील पोलीस गोळीबाराचे ३५६ बळी आयोगाने मोजले, म्हणून ते इतिहासाला उपलब्ध झाले. चकमकींतील मृत दप्तरात आरोपी म्हणून राहिले, म्हणून ते खुनांच्या कोणत्याही कोष्टकात सापडत नाहीत. पोलिसांनी झाडलेली प्रत्येक गोळी बेकायदेशीर होती, असा याचा अर्थ नाही. कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या पोलिसांची संख्याही थोडी नाही. परंतु कोणती गोळी कायदेशीर व कोणती बेकायदेशीर, हे ठरविण्यासाठी आधी प्रत्येक गोळीची आणि प्रत्येक मृताची नोंद व्हावी लागते. महाविद्यालयीन पातळीवर या विषयाचे संशोधन व्हावयाचे असेल, तर त्याचा आरंभ टोळीप्रमुखांच्या चरित्रांपासून न करता पोलीस ठाण्यांच्या नोंदवह्या, शवविच्छेदन अहवाल, दंडाधिकारी चौकशांचे कागद आणि मृतांच्या कुटुंबीयांनी केलेले अर्ज यांपासून करावा लागेल. ही साधने विखुरलेली आहेत आणि त्यांतील बरीचशी ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात. ती जतन झाली नाहीत, तर पुढील पिढीच्या हाती या काळाचे चित्रपट राहतील, इतिहास राहणार नाही.